जादा खुंटी

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात.
सूदुरेइरीत डिसेंबरात पहाट होते साडेअकराला,
आणि तोवर मी डब्यातला काळा पाव संपवून
बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत गेलेला असतो.
तेव्हा कुठलं स्वप्न खरं धरायचं
हे आमच्याकडे घड्याळावरून ठरत नाही.

हाल्फ्रीदुरला सातवा महिना.
सोमवारी उठली, कॉफी ओतायला लागली, ओततच राहिली.
म्हणाली, रात्री एक माणूस दारात उभा होता.
ये म्हटलं तरी आत येईना.
नारिंगी रबरी हातमोजे, त्यांतून पाणी गळत होतं.
"जागा आहे का?" एवढंच विचारलं त्यानं.
मी म्हटलं, कशाला?
तर लाजला.

नारिंगी हातमोजे इथे सगळ्यांकडेच असतात.
मासळीच्या कारखान्यात दर महिन्याला जोडी फुकट मिळते.

समोरची स्टेइनुन, वय चौऱ्याऐंशी,
स्वप्नांचे भाव तोंडपाठ:
शेण दिसलं की पैसा,
दात पडला की जवळचं कुणी,
पांढरी मेंढरं म्हणजे बर्फ.
(गेल्या वर्षी तिला तीनशे मेंढरं दिसली आणि बर्फ पडला.
मला एकही दिसलं नव्हतं. माझ्या दारातही तेवढाच पडला.)
तिनं विणकाम खाली ठेवलं नाही.
"नाव मागायला आलाय," म्हणाली.
"बुडालेल्यांना वर दगड नसतो,
म्हणून ते पोटातल्या पोराकडे बघतात.
कोण तू, विचारलंस?"
नाही विचारलं.
"मग जा, पुन्हा झोप."

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणावं
तर हा तिच्या मनी कधी वसलेलाच नव्हता.

माझी स्वप्नं साधी.
एकदा रात्रभर नळ ठिबकत होता.
सकाळी पाहिलं तर नळ ठिबकत होता.
वायसर बदलला. अर्थ संपला.

पण नऊ वर्षांपूर्वी, ती माझ्या घरात येण्याआधी,
आमच्या बोटीवर ग्दीन्याहून आलेला एक पोरगा होता,
झेनॉन.
जेवायला बसताना अख्खा बाक मोकळा असला तरी
विचारायचा, जागा आहे का?
आमच्या भाषेतलं तेवढं एकच वाक्य त्याला धड यायचं.
फेब्रुवारीत दोर सुटला. विंचवर मी होतो.
हातमोजा मिळाला. एक.

झोपेत बरळलो असेन मी.
माझ्या तोंडापासून तिच्या कानापर्यंत
उशीभर तर अंतर.
पत्र माझं, पडलं तिच्या पेटीत,
आणि ती बिचारी पाकीट हातात धरून
गावभर विचारत फिरली, कुणाचं आहे हो?
मी तिच्या शेजारीच उभा होतो.

फेब्रुवारीत सूर्य डोंगराच्या कडेवर आला, तीन मिनिटं.
रिवाजाप्रमाणे घिरडी केली, साय घेतली.
आठ दिवसांची मुलगी मांडीवर.
तेव्हा सांगितलं.

तिनं घिरडं पुरतं चावून खाल्लं.
त्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.
पोरीला ते ठेवता येणार नव्हतं:
एक तर पुरुषाचं,
शिवाय त्याचं पहिलं अक्षर
आमच्या वर्णमालेतून कधीच काढून टाकलंय.

मग म्हणाली,
"पण मोजे दोन्ही होते.
मी नीट पाहिलं.
दोन्ही हातांत होते."

यावर मला काही सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.
संध्याकाळी दाराशी, आमच्या कोटांच्या ओळीत,
एक जादा खुंटी ठोकली.
तीही जरा तिरकी बसली.
तिच्यावर सध्या बाळाची टोपी वाळते.
कधी काहीच नसतं.